वैजूचं खालीनगर

त्या दिवशी सकाळी पाइप वाजला आणि मी आधी चिडले. आमच्या ब्लॉकमध्ये गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या मोरीपर्यंत एक लोखंडी पाइप उतरतो. खालच्या स्वयंपाकघरात कुणी त्यावर उलथनं आपटलं की वरच्या स्वयंपाकघरात ते चांगलं ऐकू येतं. मी वर राहते, वैजयंती खाली राहायची, आणि पोरवयापासून एकमेकींना हाक मारायला आम्हाला हा पाइप पुरत असे. पण वैजूचा ठोका हलका असायचा. त्या दिवशी कुणीतरी पाइप बडवत सुटलं होतं. प्लंबर आला असेल, आणि याला नेमका सकाळच्या पाण्याच्या वेळेचा मुहूर्त सापडला असेल, असं पुटपुटत मी जिना उतरले. दार उघडं होतं. काकू, म्हणजे वैजूची आई, उलथनं हातात धरून पाइपाशी उभ्या होत्या आणि वैजू मोरीच्या कठड्याला टेकून जमिनीवर बसली होती. नळ चालू होता, बादली भरून वाहत होती. "नीलू, बघ गं, ही उठतच नाहीये," काकू म्हणाल्या. सूर अगदी तोच, शाळेला उशीर होतोय आणि ही अंथरुणातून उठत नाही या जुन्या तक्रारीचा... मी आधी नळ बंद केला.

हृदय बंद पडलं, असं टाउनशिपच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर शोकसंदेश फिरायला लागला, त्यात वैजू 'अधोनगरीची राजकन्या' या गाजलेल्या कादंबरीची लेखिका आणि भोपाळच्या मराठी माणसांचं भूषण झाली होती. पुढचं मी वाचलं नाही. ती कादंबरी कधी गाजली नव्हती, आणि वैजूने या नावाचं पुस्तक लिहिलंही नव्हतं. तिने लिहिलं त्याचं नाव होतं 'खालीनगर'. ते आज कुठेही मिळणार नाही. मी ते ऐकलंय, तेवढंच उरलंय. म्हणून या पुरवणीतून "वैजयंतीताईंवर चार शब्द लिहा" असा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणाले. चार शब्दांत भागणार नाही आणि सगळे शब्द गोडही नसतील, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं आहे.

आमची दोन्ही घरं कारखान्याची. माझे बाबा अमरावतीहून आले, हिशेब खात्यात कारकून होते. वैजूचे वडील, अण्णा, नागपूरचे. ते टर्नर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. काकू मात्र साताऱ्याच्या, आणि भोपाळला येऊनही त्यांनी सातारा सोडला नाही. घराबाहेर कुणी काहीही बोलो, उंबऱ्याच्या आत मराठी नीट यायला हवी, हा त्यांचा दंडक. आम्ही पोरं दिवसभर मैदानात हिंदीत भांडायचो आणि घरी येताना जिन्यावर जीभ बदलायचो. ती नेहमीच वेळेवर बदलायची असं नाही. "आई, मी नहाते" असं वैजू म्हणाली की काकू आतून ओरडायच्या, "नहाते नाही, आंघोळ करते!" वैजू आंघोळ करायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नहायची.

या सगळ्याचं मूळ एका बादलीत आहे. आम्ही तेव्हा दुसरी-तिसरीत असू. उन्हाळ्यात नळ आटले की टँकर यायचा, आणि एक वयस्क भैया बादल्या भरून दारापर्यंत आणून द्यायचा. काकूंचं हिंदी तेव्हा नवं होतं. त्याने पहिली बादली आणली तशा काकू स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भैया, बाल्टी खाली रखो." तो थबकला. बाईंचा चेहरा बघितला, बादली बघितली, आणि मग खांदे उडवून त्याने सगळं पाणी अंगणात ओतलं आणि रिकामी बादली काकूंच्या पायाशी ठेवली. काकू किंचाळल्या. त्याने घाबरून दुसरी बादली आणली. काकूंनी आता अगदी सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगितलं, "खाली... रखो." त्याने तीही ओतली. "बाई, आपने ही तो बोला," एवढंच तो म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. सगळा ब्लॉक त्या गोष्टीवर उन्हाळाभर हसला. वैजू हसली नाही. ती त्या ओल्या अंगणाकडे बघत राहिली आणि रात्री जेवताना आईला म्हणाली, की तू बोललीस तेच त्याने केलं, फक्त दुसऱ्या बाजूने केलं. काकूंनी तिला गप्प बसवलं.

त्या अंगणातून पुढे दहा-बारा वर्षांनी 'खालीनगर' उगवलं. अण्णांनी वैजूला इंजिनियरिंगला घातलं होतं, मेकॅनिकलला. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि तिला यंत्रांत रस नव्हता असंही नाही. जे कळायचं ते तिला आवडायचं. पण पहिल्याच वर्षी कॉलेजच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून तिने कादंबरी सुरू केली, आणि मग दोन्ही घोडी एकाच वेळी दामटायची तिची धडपड मी जवळून बघितली. सकाळी वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासायचं, मधल्या सुट्टीत प्रॅक्टिकलची जर्नलं पुरी करायची, परतीच्या बसमध्ये एक प्रकरण डोक्यात रचायचं. मग घरी आल्यावर अण्णा शिफ्टला आणि काकू झोपलेल्या, अशा दुपारच्या तासाभरात ती आमच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून ते उतरवून काढायची. मी तेव्हा बी.ए. करत होते, म्हणजे फारसं काही करत नव्हते. मी मटार सोलत तिच्या वरच्या पायरीवर बसायचे आणि ती वाचून दाखवायची. कॉलेज कसं चाललंय विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं, "हिंदीत शिक्षा घेतेय, मराठीत भोगतेय." एकदा घाईत तिने ड्रॉइंगच्या सरांना भलताच कागद देऊन टाकला, त्यावर खालीनगरचा नकाशा होता, तटबंदी, तळं, बुरुजांचे छेद, सगळं टी-स्क्वेअरने काढलेलं. सरांनी लाल पेनाने शेरा मारला की मापं कुठे आहेत. तिने मापं भरली आणि कागद पुन्हा दिला. सरांनी मार्क दिले.

गोष्ट अशी होती. एका मोठ्या तळ्याखाली एक राज्य आहे. तिथल्या दोन राण्या शब्दांवरून भांडल्या, आणि त्या भांडणाचा शाप असा बसला की राज्यात जो शब्द बोलावा तो आपला दुसराच अर्थ पाळणार, बोलणाऱ्याच्या मनात नसलेला. शिपाई हाताखालच्याला दटावतो, डोकं खाली ठेव, आणि बिचाऱ्याचं डोकं रिकामं होतं. न्यायाधीश चोराला कडक शिक्षा सुनावतो, आणि चोर दुसऱ्या दिवशी शास्त्रं शिकून पंडित होऊन बाहेर पडतो. कुणी कुणाची नुसती चेष्टा करायला जावं तर हिंदीतली चेष्टा व्हायची, म्हणजे मनापासूनचा प्रयत्न, आणि टवाळ माणसाच्या हातून चुकून एखादी विहीर खणली जायची. लोक हळूहळू बोलायचेच बंद होतात. रेवा नावाची एक मुलगी तेवढी बोलू शकते, कारण ती सीमेवरच्या घरातली आहे, तिला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात. मग शत्रू चालून येतो. राजा घाबरून तटावर चढतो आणि लोकांनी तळघरात लपावं म्हणून ओरडतो, "सगळे खाली!" त्या क्षणी सगळं नगर रिकामं होतं. चुलीवर दूध उतू जातंय, झोपाळा हलतोय, आणि माणूस एकही नाही. रेवाची आईसुद्धा नाही. पुढचं अर्धं पुस्तक रेवा शब्द शोधत फिरते. जाणूनबुजून वाकडे बोलून बघते, उलटे बोलून बघते, काही उपयोग होत नाही. शेवटी ती आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसते, आणि आता कुठलाही हेतू नाही, युक्ती नाही, नुसतं रडू आलंय म्हणून म्हणते, "आई."

हिंदीत आई म्हणजे आली.

हे तिने मला वाचून दाखवलं तेव्हा माझ्या हातातल्या शेंगा जिन्यावर सांडल्या. मी आयुष्यभर दोन्ही भाषा बोलत आले आणि मला हे कधी दिसलं नव्हतं. वैजूने तेच पान कॉलेजातल्या एका हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणीलाही वाचून दाखवलं होतं, अर्थ सांगत सांगत. तीही रडली म्हणे. हसू मात्र आम्हा दोघींना पुस्तकात वेगवेगळ्या ठिकाणी यायचं आणि वैजूला त्याचा फार आनंद होता. ती म्हणायची, या गोष्टीला असा वाचक हवा ज्याच्या घरात एक भाषा आणि गल्लीत दुसरी आहे. असे वाचक आमच्या टाउनशिपमध्ये घराघरात होते. भोपाळमधल्याच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांत होते. ते कुणाला माहीत नव्हते, कारण त्यांच्यासाठी कधी कुणी लिहिलं नव्हतं.

आता राजीनाम्याकडे येते. तिसऱ्या वर्षाला वैजू थर्मोडायनॅमिक्समध्ये नापास झाली, सप्ली लागली. कॉलेजात ती काही पहिलीच नव्हती, पण फोरमनच्या घरात सप्ली म्हणजे सुतक. काकूंनी दोन दिवस तोंड फिरवलं. अण्णा मात्र ओरडले नाहीत. ते साधे आणि प्रामाणिक होते, आणि लेकीवर त्यांचा फार जीव होता, हे मी आज एवढी कडवट होऊन बसले असतानाही लिहिते. त्यांनी वैजूला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे बघ, आपण राजीनामा करू." कारखान्यात, युनियनच्या बैठकांत, त्यांनी हा शब्द असाच ऐकला होता. हिंदीत राजीनामा म्हणजे समेट, दोन्ही पक्ष राजी झाल्याचा करार. काकू आतून म्हणाल्या, "अहो, तडजोड म्हणा. राजीनामा कसला?" अण्णा म्हणाले, "तेच ते." करार असा ठरला की डिग्री हातात येईपर्यंत वैजूने लिखाणाला हात लावायचा नाही, डिग्री झाली की अण्णा स्वतः ती कादंबरी पुण्याला नेऊन छापून आणतील. वैजूने मला येऊन सांगितलं तेव्हा ती हसत होती. "खालीनगरमध्ये अण्णांचं काही खरं नव्हतं," म्हणाली. कादंबरी तेव्हा पुरी झालीच होती, फक्त एक हात फिरवायचा राहिला होता. तो फिरवायचा राहिला तो राहिलाच. अण्णांच्या तोंडून शब्द गेला होता तडजोडीचा, आणि तो खरा झाला मराठीतला.

तिने शब्द पाळला. पेपर सोडवला, शेवटचं वर्ष चांगल्या मार्कांनी काढलं, आणि आमच्याच कारखान्यात तिची निवड झाली. ट्रेनिंगला लगेच दुसऱ्या राज्यात जायचं होतं. आणि अण्णांनीही शब्द पाळला, हीच तर मेख आहे. एखाद्या वाईट बापाने पानं चुलीत घातली असती तर मला आज त्याला शिव्या देता आल्या असत्या. अण्णा सुट्टी टाकून, हस्तलिखित पंच्यात गुंडाळून, पुण्याला गेले. नात्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने एका प्रकाशकांना भेटले. त्यांनी वाचून कळवलं, की मुलीची कल्पनाशक्ती चांगली आहे, पण भाषेवर हिंदीची फार छाया आहे, पानोपानी चुका आहेत. काळजी नसावी, आमचे संपादक सगळं शुद्ध करून घेतील. अण्णांना भरून आलं. आपल्या भोपाळच्या पोरीचं मराठी पुण्याचे लोक स्वतः बसून सुधारताहेत, यापेक्षा मोठं भाग्य काय! त्यांनी उलट टपाली कळवलं की योग्य वाटेल ते सगळं दुरुस्त करा. वैजूला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ते तिला आश्चर्याचा धक्का देणार होते. आणि बसला की धक्का.

पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा वैजू ट्रेनिंगहून सुट्टीवर आली होती. अण्णांनी सुतळी कापली. मी तिथे होते. मुखपृष्ठावर मुकुट घातलेली एक बाई आणि खाली नाव, 'अधोनगरीची राजकन्या'. पुस्तकात राजकन्या कुठेच नव्हती, रेवा सीमेवरच्या नाक्यावरच्या रखवालदाराची मुलगी होती. वैजू पुस्तक घेऊन जिन्यावर आली, आपल्या पायरीवर बसली आणि उघडलं. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. शिपाई हाताखालच्याला म्हणतो, 'मान लववून उभा राहा', आणि बिचाऱ्याचं डोकं रिकामं होतं. का होतं? कळायला मार्ग नाही. न्यायाधीश 'दंड' ठोठावतो आणि चोर पंडित होतो. राजा तटावरून ओरडतो, 'सर्वांनी तळघरात जावे!' आणि माणसं नाहीशी होतात. जिथे जिथे शब्दाला दुसरी बाजू होती तिथे तिथे त्या सद्गृहस्थांनी एकाच बाजूचा शब्द बसवला होता, अगदी कष्टाने, एकही न सोडता. वैजूने मग मधली पानं भराभर उलटून शेवट काढला. रेवा उंबऱ्यावर बसून आर्तपणे म्हणत होती, 'माते!' आणि पुढच्या ओळीत तिची आई दारात उभी होती. वैजूने त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "नीलू, इथे ती का आली असेल गं?" खालून अण्णा विचारत होते, छपाई कशी आहे, कागद चांगला आहे ना. वैजू उठली, खाली गेली, आणि म्हणाली की छपाई फार सुंदर आहे.

हस्तलिखित परत मागवायला तिने नंतर पत्रं लिहिली. ते छापखान्यात कुठेतरी गहाळ झालं असं कळलं. दुसरी प्रत नव्हती. कुणीतरी एका मासिकात परीक्षण लिहिलं, की जादूच्या राज्यात घटना कारणाशिवाय घडतात आणि लेखिकेला गोष्टीची वीण जमलेली नाही. ते अगदी बरोबर होतं, त्या पुस्तकाबद्दल.

मी त्या दिवसांत फार भांडले. अण्णांना सगळं सांगून टाकू असं मी वैजूला म्हणाले, आणि ती आयुष्यात एकदाच माझ्यावर आवाज चढवून बोलली, की सांगितलंस तर पाइप कापून टाकीन. अण्णा तेव्हा गावभर पुस्तकं वाटत सुटले होते. पिशवीत चार प्रती असायच्याच. करोंदच्या मंडीत गव्हाचं पोतं घ्यायला गेले तर तिथल्या अडत्यालाही एक देऊन आले, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं तरी. तुलसी नगरच्या सभागृहात इथल्या मराठी मंडळाने वैजूचा सत्कार केला, शाल, नारळ आणि पुण्याहून मागवलेले वक्ते. त्यांनी भाषणात सांगितलं की परप्रांतात राहूनही लेखिकेने भाषा इतकी निर्मळ राखली आहे, याचं त्यांना कौतुक वाटतं. काकू पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होत्या. वैजूने खाली वाकून नमस्कार केला. अण्णा पुढे बरीच वर्षं जगले आणि त्या पुस्तकाच्या अभिमानातच गेले. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि ते वैजूने कळू दिलं नाही म्हणून.

लोक विचारायचे, दुसरं कधी? ती म्हणायची, वेळ कुठे आहे. कारखान्यात ती सुरक्षा विभागात होती. शेडमधल्या भिंतींवर, क्रेनखाली, भट्टीपाशी ज्या पाट्या असतात त्या ती लिहायची. क्रेन के नीचे खड़े न हों. हाथ लगाने से पहले मशीन बंद करें. दोन अर्थांवर एक अख्खं राज्य उभं करणाऱ्या बाईने उरलेला जन्म एकाच अर्थाची वाक्यं लिहिण्यात काढला, आणि तिच्या पाट्या वाचून कुणाचं काही चुकलं नाही, असं तिचे साहेब कौतुकाने सांगत. अण्णांचं क्वार्टर तिने आपल्या नावावर करून घेतलं. आमचं वरचं माझ्या नवऱ्याने, तोही याच कारखान्यातला. म्हणून आम्ही आहोत तिथेच राहिलो, ती खाली आणि मी वर. लग्न तिने केलं नाही, आणि त्याची ज्यांना हळहळ वाटायची त्यांना कादंबरीची कधी वाटली नाही.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, मी तिला म्हणाले की मला सगळं आठवतंय, तू सांग, मी उतरवून घेते, पुन्हा लिहू. आम्ही भाजी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "अगं, आता मला 'खाली' म्हणताना अडखळायला होतं. म्हणजे आधी मी बघते, कुठलं म्हणतेय. पूर्वी बघत नव्हते." मग ती काकूंना औषध द्यायला उठून गेली. एखाद्याचं लिखाण बिघडवणं मी समजू शकते, पुन्हा लिहिता येतं. त्यांनी तिची जीभ बिघडवली. आमचं जे बोलणं होतं, जिन्यावर बदलायचं राहून गेलेलं, तेही मराठीच होतं हो. ते कुणाकडून उसनं आणलेलं नव्हतं, आमच्या अंगणातलं होतं. ते चुकीचं आहे असं एका शहाण्या माणसाने सभ्यपणे, प्रेमाने, कुणाचाही अपमान न करता सांगितलं, आणि तिने ते ऐकलं. या पुरवणीच्या संपादकांना माझी हात जोडून विनंती आहे, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचं काय करायचं ते करा, पण या लेखातला एकही 'खाली' बदलू नका.

शोकसभा मागच्या पंधरवड्यात झाली, त्याच तुलसी नगरच्या सभागृहात. फोटोला हार, उदबत्ती, तीच भाषणं. काकूंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे त्या फोटोकडे बघत शांत बसल्या होत्या. मी त्यांच्या मागे. शेवटी कार्यवाहांनी सांगितलं की वैजयंतीताईंना त्यांच्याच शब्दांत निरोप देऊ, आणि कादंबरीचं शेवटचं पान वाचायला घेतलं. वाचत छान होते, आवाज लावून. उंबऱ्यापाशी आले. 'माते!' म्हणाले, थांबले, सभागृहाकडे बघून पुन्हा एकदा म्हणाले, 'माते!' आणि मला राहवलं नाही. मी ओरडले नाही, भाषणही केलं नाही. तिथे जो शब्द होता तो फक्त म्हटला. "आई." पुढच्या खुर्चीत काकू हलल्या. सबंध सभेत त्यांना ऐकू गेलेला तो एकच शब्द. त्यांनी मान वळवली, आणि माझ्याकडे नाही, माझ्यामागे दाराकडे बघितलं. "आली का?" त्यांनी विचारलं.

कार्यवाह जरा घुटमळले आणि त्यांनी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. मी काकूंना धरून बाहेर आणलं.

गेल्या आठवड्यात वैजूचा भाऊ शिरीष नागपूरहून आला आणि काकूंना घेऊन गेला. जाताना त्यांनी उलथनं मागून घेतलं, बाकी भांड्यांत त्यांचा जीव नव्हता. सामान ट्रकमध्ये चढलं, किल्ल्या एस्टेट विभागाकडे गेल्या. मी सकाळी चहा करते तेव्हा पाइपाकडे पाठ करून उभी राहते. नळाला पाणी आलं की तो नुसता गुरगुरतो.

परवा दुपारी दार वाजलं. आमच्याकडे हे नेहमीचंच होतं. जिन्याचं तोंड रस्त्याकडे आहे, त्यामुळे वैजूकडे येणारं नवं माणूस हमखास आधी वर यायचं. शाळेतल्या मैत्रिणी, कॉलेजातल्या पोरी, पुढे कारखान्यातली माणसं, सगळी दारात उभी राहून विचारायची की वैजयंती इथेच राहते ना, आणि मी हातातलं काम न सोडता सांगायचे, खाली आहे. जन्मभर सांगत आले. परवा दारात एक तरुण जोडपं होतं, नवीनच नोकरीला लागलेलं, क्वार्टर बघत फिरत होतं. मुलीच्या हातात पाण्याची बाटली, मुलगा घामाघूम. माझे हात कणकेत होते.

"आंटी," मुलीने विचारलं, "वो नीचे वाला क्वार्टर खाली है क्या?"

मी तिच्याकडे बघितलं. हात कणकेत तसेच राहिले... "हाँ बेटा," मी म्हणाले. "खाली है."

ती खूश होऊन नवऱ्याला घेऊन जिना उतरली. तिने ते हिंदीत ऐकलं. मी ते मराठीत म्हणाले होते.